इंदूर : लॅब्रेडॉरचं वजन, घरचं जेवण आणि पाकीट

लवंगशेव
मुक्काम राजेंद्रनगर, इंदूर. घरी बुंदी आहे. लॅब्रेडॉर, मादी, चार वर्षांची, नसबंदी झालेली. वजन ३४ किलो. डॉक्टरांनी काट्यावर उभी केली आणि म्हणाले, "अठ्ठावीसवर आणा." कसं, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.

घरात मांस-मच्छी शिजत नाही. अंडं चालतं, पण मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यात. सासूबाईंची अट आहे आणि माझी काही तक्रार नाही.

सध्या सकाळी दुधात कुस्करलेल्या दोन पोळ्या. संध्याकाळी तीन पोळ्या आणि वाटीभर वरणभात. दुपारच्या चहाला सासरे बिस्किटं देतात. रोजच्या पोह्यांवर शेव पडते तेव्हा त्यातली मूठभर तिला. "ती बघत बसते, मला घास गिळवत नाही," असं त्यांचं म्हणणं.

पोट ठीक, खाज नाही, केस मात्र फार गळतात. तयार डॉगफूडच्या पाकिटावर आणू का? की घरचंच ठेवून काही बदलू? दोन्हीकडचं ऐकून डोकं फिरलंय.

तिखटपोहे
भिया, आधी शेव बंद करा. बाकी मग बघू.

अण्णा_लोकमान्यनगर
आमच्या मल्हारगंजातल्या वाड्यात अल्सेशियन होता. वरण-पोळी, सणावारी पुरणपोळीचा तुकडा, बस्स. चांगला तेरा वर्षं जगला. तेव्हा कुठे होती पाकिटं? हे सगळं कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे. कुत्रा घरातला म्हणायचा आणि त्याला डब्यातले खडे चारायचे, हे मला तरी पटत नाही.

बडोद्याची_मैना
अण्णा, तुमचा कुत्रा वाड्याच्या चौकात दिवसभर पळत असणार, आणि उंदीर-घुशी काय मारून खायचा ते तुम्हाला तरी कुठे माहीत! बुंदी फरशीवर पंख्याखाली झोपते. दोघांना एकच ताट कसं वाढणार?

लांडगेवाला
कुत्रा म्हणजे लांडगाच. त्याला धान्य पचत नाही. पोळी, भात, दलिया सगळं बंद करा आणि ग्रेन-फ्री पाकीट आणा. महाग आहे पण जिवापेक्षा महाग नाही.

महू_पॅसेंजर
महूच्या व्हेटरनरी कॉलेजातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली, प्रॅक्टिस देवासकडे. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लांडगेवाला यांचं आधी. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास आला. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चार ते तीस. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून झालेला बदल आहे हा. शिजवलेला भात, दलिया कुत्र्याला व्यवस्थित पचतो. ग्रेन-फ्री पाकिटात धान्याच्या जागी बहुतेक वेळा वाटाणा, मसूर, बटाटा असतो. अशा खाण्याचा आणि हृदयाचा स्नायू सैल पडण्याच्या विकाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारणभाव काही सिद्ध झाला नाही. पण गव्हाची ॲलर्जी वगैरे नसताना जास्त पैसे मोजून ग्रेन-फ्री आणायला मी तरी सांगणार नाही.

आता बुंदी. मध्यम पोळी, वर तूप नाही असं धरून, ११०-१२० कॅलरी. पाच झाल्या की सहाशेच्या आसपास. फुल क्रीम दूध पाव लिटर असेल तर सव्वादोनशे. वरणभात अडीचशे. चार बिस्किटं ऐंशी-नव्वद. शेव मूठभर म्हणजे २५ ग्रॅम धरली तरी १४०. बेरीज १३०० च्या घरात जाते.

तिची गरज काढायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. लक्ष्य वजन २८. तीनदा गुणा : २८ × २८ × २८ = २१९५२. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा : १२.१७. त्याला ७० ने गुणा : साधारण ८५०. निवांत पडल्यापडल्या शरीर चालवायला इतक्या कॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या निरोगी कुत्र्याला एरवी याच्या १.४ ते १.६ पट देतात. वजन उतरवायचं असेल तेव्हा लक्ष्य वजनाच्या या आकड्यापासूनच सुरुवात करतात.

इथेच सगळे फसतात. ८५० हवं म्हणून तेच ताट कमी करून वाढतात. तुमच्या सध्याच्या ताटात प्रथिनं ४२ ग्रॅमच्या आसपास आहेत. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या आफ्को या संस्थेचं किमान प्रमाण दर हजार कॅलरीला ४५ ग्रॅम. म्हणजे १३०० कॅलरी खाऊनही ती आज प्रथिनांत कमीच पडतेय. कॅल्शियमचं तर विचारूच नका. हजार कॅलरीला सव्वा ग्रॅम हवं, तिला मिळतंय त्याच्या पाव भागाएवढं. आता ताट ८५० वर आणलं तर हेही सगळं त्या प्रमाणात घटणार. चरबी उतरेल, तिच्याबरोबर स्नायूही उतरतील, आणि भूक भागणार नाही ती नाहीच. अशा खाण्यावर केस गळणं मला नवलाचं वाटत नाही. तरी थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्या. त्यातही वजन वाढतं आणि केस जातात.

तेव्हा घरचं की पाकीट हे नंतर. कॅलरी कमी करताना प्रथिनं आणि खनिजं टिकली पाहिजेत, ते कशातून जमतं ते बघायचं.

अण्णा_लोकमान्यनगर
डॉक्टर, मग वरण-पोळी विष झाली का?

महू_पॅसेंजर
नाही हो अण्णा. वरण फोडणीआधी वेगळं काढलेलं असेल तर उत्तम आहे. ते ताटाचा एक कोपरा असावं, अख्खं ताट नव्हे. फोडणीत लसूण पडला, आमटीत कांदा पडला की प्रश्न वेगळा. कांद्या-लसणातले गंधकाचे पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. किलोमागे १५-३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतो, आणि शिजवल्याने, वाळवल्याने तो दोष जात नाही. लसूण ग्रॅममागे कांद्यापेक्षा जहाल. इंदुरात लसूण शेव घरोघरी, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तिखटपोहे
म्हणजे शेवेबद्दल मी बरोबर होतो. नोंद घ्यावी.

बडोद्याची_मैना
मनुका-बेदाणे राहिले. सत्यनारायणाच्या शिऱ्यात असतात, आणि प्रसाद म्हणून कुत्र्याला हमखास देतात. द्राक्षं, मनुका मूत्रपिंडावर जातात. किती खाल्ल्यावर, याला नियम नाही. एखाद्याला मूठभर चालतात, एखाद्याला चार भोवतात. आमच्या शेजारच्यांनी कुत्र्याला लगेच नेलं, उलटी करवली म्हणून वाचला.

महू_पॅसेंजर
बरोबर. आणि त्याच ओळीत चिंच. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं, असं अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं. हे आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच-गुळाची आमटी, चाटवरची गोड चटणी, काहीच नको. चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल हे तर बहुतेकांना माहीत असतं. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार फाका होतात.

लवंगशेव
सगळं वाचलं. सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढी शेव मी देतच नाही." आज काट्यावर मूठ मोजली. सव्वीस ग्रॅम. आता ते डॉक्टरांवर नाराज आहेत.

घरचंच द्यायचं ठरवलं तर ताटात नेमकं काय ठेवू?

महू_पॅसेंजर
८५० मध्ये बसणारं, अंडं चालणाऱ्या घरातलं, दिवसाचं :

तीन उकडलेली अंडी. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ४० ग्रॅम, भिजवून, पिळून, मऊ शिजवून. दलिया किंवा तांदूळ कच्चा ७० ग्रॅम. घरचं दही १५० ग्रॅम. दुधी, लाल भोपळा, गाजर मिळून पाव किलोच्या आत. एक छोटा चमचा तेल. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. याच्या साधारण पावणेआठशे कॅलरी होतात आणि प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या पाऊणशे कॅलरी आजोबांच्या ताब्यात द्या. त्यात त्यांनी काकडी, गाजराचे तुकडे, उकडलेल्या अंड्याचा चतकोर, काय हवं ते द्यावं.

कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं. धुवायची, दहा मिनिटं उकळायची, वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळायची. बोटाला कचकच लागली तर पुन्हा फिरवायची. पाव चमचा सकाळी, पाव संध्याकाळी, अन्नात कालवून. अर्ध्या चमच्यात साधारण एक ग्रॅम कॅल्शियम येतं.

वड्या पहिल्याच दिवशी चाळीस ग्रॅम घालू नका, घरात बसवणार नाही. सगळाच बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू. सुरुवातीला जुनं तीन हिस्से आणि नवं एक. अंडं कच्चं नको. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं.

एवढं करूनही ताट पूर्ण होत नाही. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, ते अन्नातूनच यायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. त्यात पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. माझी वरची यादीही त्याला अपवाद नाही. म्हणून कुत्र्यांसाठीचं खनिज-जीवनसत्त्वांचं पूरक आपल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या. माणसांच्या गोळ्या नकोत.

फटफटीवरचा_फौजी
माझं मत वेगळं. आम्ही दोघं नोकरीला, मुलं शाळेत. वड्या पिळत बसायला वेळ कोणाकडे आहे? पाकीट, मोजायचा कप, विषय संपला. घरच्या खाण्यात प्रेम असतं वगैरे ठीक आहे, पण आठवडाभर जमतं आणि मग पुन्हा दूध-पोळी. मी तरी हेच सगळीकडे बघितलंय.

महू_पॅसेंजर
फौजी, यात चूक काही नाही. अशा घराला मीही पाकीटच सांगतो. फक्त पाठची बाजू वाचून घ्या. पुढच्या बाजूला चिकनचा फोटो असतो, त्याने काही कळत नाही.

'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आणि कोणत्या वयासाठी, हे लिहिलेलं हवं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं, त्यावर जगवायचं नसतं. मग प्रथिनांचा आकडा ओलावा वजा करून बघायचा. समजा सुक्या पाकिटावर प्रथिनं २२ टक्के आणि ओलावा १० टक्के. मग २२ भागिले ९०, म्हणजे साडेचोवीस टक्के. ओल्या ग्रेव्हीच्या पाउचवर ८ टक्के दिसतं आणि लोक नाक मुरडतात. पण ओलावा ८० टक्के असतो. ८ भागिले २०, म्हणजे ४० टक्के. आफ्कोचं कोरड्या वजनावरचं किमान मोठ्या कुत्र्याला १८ आणि पिल्लाला साडेबावीस.

दुसरं, कपाची खूण. पाकिटावरचा तक्ता चालत्या-पळत्या कुत्र्याला धरून असतो. त्यातही लोक सध्याच्या वजनाची ओळ बघतात, हव्या त्या वजनाची नाही. कप भरताना हात सैल सुटतो, म्हणून काटा वापरा. दर शंभर ग्रॅमला किती कॅलरी ते पाठीमागे असतं, किंवा कंपनीला विचारलं की सांगतात. ३५० असतील तर बुंदीला दिवसाला २४० ग्रॅम, तेही दोन वेळा मिळून. बघून तुम्हालाच कमी वाटेल.

बडोद्याची_मैना
आम्ही मधला रस्ता काढलाय. पाकीट मुख्य, वरून दोन चमचे दही किंवा उकडलेला भोपळा. आमचा कुत्रा तो वास घेतल्याशिवाय खातच नाही.

महू_पॅसेंजर
चालतं. वरचं सगळं मिळून एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत ठेवलंत तर पाकिटाचा समतोल मोडत नाही आणि वेगळं पूरकही लागत नाही. निम्मं पाकीट आणि निम्म्या पोळ्या केल्या की मात्र दोन्हीचं काम बिघडतं.

सराफ्यातली_रात्र
धाग्याशी थोडं संबंधित. शहरातल्या कचरापेट्या गेल्यापासून गल्लीतले कुत्रे सगळे दारांवरच अवलंबून. आमच्याकडे लोक दूध-ब्रेड ठेवतात, सराफ्यात तर रात्री रबडीचे दोनेसुद्धा. निम्म्यांना जुलाब. काय द्यावं?

महू_पॅसेंजर
दूध बहुतेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, त्यातली साखर फोडणारं विकर पिल्लूपण सरलं की कमी होतं. भाकरी किंवा भात, त्यात उकडलेलं अंडं किंवा सोयावडी, वर ताक. आणि पाणी. इंदूरच्या मे महिन्यात अन्नापेक्षा पाण्याचं भांडं जास्त उपयोगी. ते रोज घासा.

पिल्लूवाली_पलासिया
माझा प्रश्न! तीन महिन्यांचं जर्मन शेफर्ड. पाकीट 'पपी'चंच चालू आहे. दुकानदाराने वर कॅल्शियमचं सिरप दिलंय, कान उभे राहतात म्हणून. देऊ ना?

महू_पॅसेंजर
नको. कान कूर्चेवर आणि वयावर उभे राहतात, दात बदलताना पुन्हा पडतातही. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर आतडं ते अडवू शकत नाही. सहा महिन्यांच्या आत तर नाहीच. मग हाडं वेडीवाकडी वाढतात, सांधे बिघडतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी वेगळं पाकीट मिळतं, त्यात कॅल्शियमला वरची मर्यादा असते. ते आणा. आणि गुबगुबीत करायची घाई नको. बारीक चणीचं पिल्लू सावकाश वाढलेलंच बरं.

अण्णा_लोकमान्यनगर
एक विचारतो. ही बुंदी सतत भुकेली का? आमचा अल्सेशियन पोट भरलं की तोंड फिरवायचा.

महू_पॅसेंजर
लॅब्रेडॉर आहे, अण्णा. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातला एक तुकडा गळालेला सापडला. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो दोष असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. तिचं बघत बसणं नाटक नसेलही. पण म्हणून द्यायचं असं नाही. ४८ लॅब्रेडॉरच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न, असा अभ्यास त्यांच्या जन्मभर चालला. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणारे मध्यमानाने १३ वर्षं जगले, बाकीचे ११.२. संधिवातही कमी खाणाऱ्यांना उशिरा आला.

लवंगशेव
हे शेवटचं सासऱ्यांना दाखवलं. काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी काकडी चिरायला सुरी मागत होते.

मी सकाळी पाकीट आणि संध्याकाळी घरचं असं धरलं होतं. वर डॉक्टरांनी लिहिलंय ते वाचून बेत बदलला. पूर्ण पाकीट, काट्यावर मोजून, आणि काकडी-गाजर आजोबांचं. घरचं ताट पूरकासकट नीट बसवायला एखाद्याकडून आखून घेईन, तोवर प्रयोग नको. थायरॉइडला रक्त उद्या देतेय. वजन उतरतंय हे काट्याशिवाय कसं ओळखू? चौतीस किलोची बाई दर आठवड्याला दवाखान्यात नेणं सोपं नाही.

महू_पॅसेंजर
मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या सांध्यांवरून फिरवा, हाडं टोचतात. तशा बरगड्या लागल्या तर फार बारीक. हात उलटा पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडं दिसत नाहीत, पण हलका दाब दिला की एकेक लागतं. बरगड्या तशा लागायला हव्यात. तळहाताच्या गादीसारखं लागलं तर चरबी. वरून बघताना बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसावी. महिन्यातून एकदा काट्यावर न्या. आठवड्याला एक टक्का, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम उतरलं तर छान. दोन टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. महिनाभर काटा हललाच नाही, तर कॅलरी दहा टक्के कमी करा, पण आधी घरातल्या सगळ्यांचे खिसे तपासा.

फटफटीवरचा_फौजी
पाकीट घेणाऱ्यांना एक पावसाळी सूचना. वीस किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून जूनमध्ये आणू नका. उघडलेल्या पाकिटातला स्निग्धांश हवेने खवट होतो, आणि दमट हवेत बुरशी धरते. बुरशीचं विष भाजून-शिजवून जात नाही. सहा आठवड्यांत संपेल एवढंच घ्या. प्लॅस्टिकच्या डब्यात सुटं ओतण्यापेक्षा मूळ पाकीटच तोंड बांधून डब्यात ठेवा. बॅच नंबर आणि तारीखही राहते, काही झालं तर दाखवायला. तळाला उरलेला भुगा फेकून डबा धुवा, त्यावर नवीन ओतू नका.

तिखटपोहे
आणि मूळ मुद्द्याची शेव? ती कुठे ठेवायची?

लवंगशेव
वरच्या फळीवर. बुंदीचा हात पोचत नाही, सासऱ्यांचा पोचतो.